नम्रता आणि स्वतःला कमी लेखणं, दिसायला सारखं पण मुळात वेगळं

चर्चच्या मंडळीत कुणाला प्रार्थना चालवायला सांगितली की लगेच उत्तर येतं, "नाही नाही, माझ्यात कुठे एवढी लायकी", आणि आपण म्हणतो बघा किती नम्र माणूस. असेलही नम्र. पण बरेचदा ती नम्रता नसते, न्यूनगंड असतो आणि तो अगदी नम्रतेच्याच भाषेत बोलतो म्हणून ओळखू येत नाही.

बायबलमधल्या मोशेचंच बघा ना. निर्गम या पुस्तकाच्या ४थ्या अध्यायात देव त्याला फारोकडे, म्हणजे मिसरच्या राजाकडे, पाठवतोय आणि हा म्हणतो मला नीट बोलता येत नाही, जीभ जड आहे. देव म्हणतो तोंड कोणी केलं? मी तुझ्या मुखाला साहाय्य होईन. तरी हा म्हणतो दुसऱ्या कोणालातरी पाठव, आणि तिथे देवाला राग येतो! खरंच नम्रता असती तर राग कशाला आला असता? आता बायबलमधल्याच गणना या पुस्तकाचा १२वा अध्याय काढा, तिथे याच मोशेला पृथ्वीवरचा सगळ्यात नम्र माणूस म्हटलंय. तेव्हा तो अख्ख्या राष्ट्राचं नेतृत्व करत होता, सख्खे भाऊबहीण त्याच्याविरुद्ध बोलले तर स्वतःची बाजू मांडत बसला नाही, उलट त्या बहिणीला, मिर्यामला, कोड फुटलं तेव्हा तिच्यासाठी देवाचा धावा केला. म्हणजे 'मला जमणार नाही' म्हणणारा मोशे नाही, तर काम अंगावर घेऊन मानापमान सोडून दिलेला मोशे नम्र ठरला.

माझ्या मते फरक एवढाच की कमी लेखणाऱ्याची नजर सतत स्वतःवरच असते, मी कसा दिसतोय, लोक काय म्हणतील, तिच्यासारखा आवाज मला का नाही. गर्विष्ठ माणसाचीही नजर तिथेच असते, म्हणून हे दोघं वाटतात तेवढे लांबचे नाहीत. येशूचा प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१२:३) स्वतःला फुगवू नका म्हणतो पण स्वतःला कवडीमोल समजा असं म्हणत नाही, जे आहे ते शुद्धीवर राहून मोजा म्हणतो. आणि स्वतःबद्दल बोलताना करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात तो एका दमात म्हणतो की मी प्रेषितांमध्ये सगळ्यात कनिष्ठ आणि मी सगळ्यांपेक्षा जास्त श्रम केले, पण मी नाही, देवाच्या कृपेने. केलेलं काम लपवलं नाही आणि श्रेयही घेतलं नाही, मला तर नम्रतेचा याहून स्वच्छ नमुना सापडत नाही.

देवाने दिलेल्या दानांचंही, म्हणजे गुणांचंही, तसंच. येशूच्या टॅलेंटच्या दृष्टांतात (मत्तय २५) मालक नोकरांकडे पैसे सोपवतो, टॅलेंट हे त्या काळचं पैशाचं माप, एकाला ५, एकाला २, एकाला १ मिळालं. आपण एकवाल्याला बिचारा समजतो पण १ टॅलेंट म्हणजे साधारण ६००० दिनार, दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी, म्हणजे जवळपास २० वर्षांची कमाई त्याच्या हातात होती! त्याने ती पुरली का, तर भीतीने, मालक कठोर आहे असं त्याच्या डोक्यात होतं. आणि २ वाल्याला मालकाने जी शाबासकी दिली ती ५ वाल्याच्या शाबासकीशी शब्दन् शब्द जुळते, २१वं आणि २३वं वचन शेजारी ठेवून वाचा.

मग कोणी म्हणेल, मिळालं त्यात समाधानी राहायचं म्हणजे आहे तिथेच बसायचं का? नाही हो. कैदेत बसून फिलिप्पैकरांना 'मी समाधानी राहायला शिकलोय' असं लिहिणारा पौलच आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, सांगतो की तुझ्यातलं कृपादान पुन्हा चेतव. ते दान तीमथ्याचंच होतं, शेजाऱ्याचं बघून मागितलेलं नव्हतं, त्यामुळे वाढवायला सांगणं आणि समाधानी राहायला सांगणं यात मला तरी काही विरोध दिसत नाही. पुढच्या वेळी कोणी म्हणालं छान शिकवलंत, तर 'छे छे, कसलं काय' म्हणायची गरज नाही, थँक्यू म्हणा आणि मनात देवाचे आभार माना, बास.