जळगावची धावपट्टी आधी आली, विमान मागून

जळगावहून मुंबईला विमान आहे का, या प्रश्नाचं उत्तर २०१७ पासून दर दोन-अडीच वर्षांनी बदलत आलंय. आहे, नाही, पुन्हा आहे, पुन्हा बंद. धावपट्टी मात्र जागची हललेली नाही. ती १९७३ सालची, सार्वजनिक बांधकाम विभागाने केलेली. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टीही त्याच काळातली. म्हणजे खान्देशात विमान उतरायची सोय पन्नास वर्षांपूर्वीच झाली होती. अडलं ते दुसऱ्याच गोष्टींवर, आणि विमानप्रवासाच्या भविष्याबद्दल जे काही आज बोललं जातं त्यातलं आपल्या उपयोगाचं काय, हे ओळखायला आधी ते अडणं समजून घ्यावं लागतं.

पहिली गोष्ट रेल्वे. भुसावळसारखं जंक्शन दाराशी असलेल्या मुलखाला विमानाची तहान लागायला वेळच लागणार. रात्री जेवण उरकून गाडीत बसायचं, सकाळी दादरला उतरून दिवसभर कामं करायची आणि पुन्हा रात्रीची गाडी धरायची, हे इथल्या व्यापाऱ्याच्या अंगवळणी पडलेलं. सराफ असो, डाळमिलवाला असो की केळीचा व्यापारी, त्याचा एकही कामाचा दिवस वाया जात नव्हता. रावेर-सावद्याची केळीही रेल्वेच्या वॅगनने उत्तरेत गेली. विमानाने काय वाचणार होतं? झोप मात्र नक्की वाचली असती.

दुसरी गोष्ट विमानाचा आकार. एअरबस ए-३२० मध्ये साधारण १८० माणसं बसतात. तेवढी माणसं जळगावातून रोज मिळवायची म्हणजे अवघडच. लहान शहरांसाठी लहान विमानं हवीत, हे सरकारला १९८१ मध्येही कळलं होतं. त्यातूनच वायुदूत ही वेगळी कंपनी निघाली, आणि कानपूरला बनलेली १९ आसनी डॉर्नियर विमानं तिच्या ताफ्यात आली. तोटा वाढत गेला आणि नव्वदच्या दशकात ती गुंडाळावी लागली. लहान विमानाचं दुखणं सोपं आहे: वैमानिक मोठ्या विमानाइतकेच, म्हणजे दोन लागतात, विमानतळावरची माणसं तेवढीच लागतात, पण खर्च वाटून घ्यायला प्रवासी कमी. हे गणित आजही तसंच आहे.

मधल्या काळात जळगावची धावपट्टी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली. काही वर्षं नगरपालिका, मग राज्याची विमानतळ विकास कंपनी, आणि २००९ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार. त्यानंतर खरं काम झालं. मार्च २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन झालं. राष्ट्रपती जळगाव जिल्ह्याच्या असणं या कामाला उपयोगी पडलं, हे कुणी नाकारत नाही. पण फीत कापल्यावर लगेच रोजचं विमान येतं असं थोडंच आहे!

ते आलं लहान शहरं विमानाने जोडायच्या केंद्र सरकारच्या उडान योजनेमुळे. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या या योजनेत साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा ठरली. सगळ्या नाही, ठरावीक जागांना. कंपनीला जो तोटा येईल त्यातला मोठा वाटा भरून देण्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर शुल्क लावलं गेलं, आणि राज्यानेही आपला हिस्सा टाकायचा असं ठरलं. थोडक्यात, दिल्ली-मुंबईच्या प्रवाशाने जळगावच्या प्रवाशाचं काही भाडं भरायचं. मला यात गैर काही वाटत नाही. तोट्यातल्या गावाला एसटीही अशीच जाते.

डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचं १८-१९ आसनी बीचक्राफ्ट मुंबईहून आलं. मग ते कधी येई, कधी रद्द होई. 'इमान उनं का आज?' (विमान आलं का आज?) हे विचारल्याशिवाय कुणी बॅग भरायची नाही, अशी गत. खरी मेख मुंबईत होती. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. उतरायची वेळ मिळवायला मोठमोठ्या कंपन्या रांगेत. अठरा माणसं घेऊन येणाऱ्या विमानाला तिथे सोयीची वेळ कोण देणार? सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येत नसेल, तर व्यापारी रात्रीच्या गाडीकडेच वळणार. सप्टेंबर २०१९ पासून ट्रूजेटने अहमदाबाद-जळगाव-मुंबई अशी सेवा दिली. विमान एटीआर-७२, म्हणजे सत्तरच्या आसपास जागा, पंख्याचं. हे गणित जास्त बरं जुळत होतं, पण करोना आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कंपनीनेच उड्डाणं थांबवली. पुढची दोन वर्षं शांतता. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय-९१ गोवा आणि हैदराबादसाठी आली, नंतर पुण्यासाठी, आणि जूनमध्ये अलायन्स एअरने मुंबई पुन्हा जोडली. दोघींकडेही एटीआरच.

एटीआर इतकं का जमतं, याला आपलं ऊनही कारणीभूत आहे. तापलेली हवा विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोरही घटतो. धावपट्टी आखताना आंतरराष्ट्रीय ठोकताळा असा, की प्रमाण तापमानाच्या वर प्रत्येक अंशामागे लांबी साधारण १ टक्क्याने वाढवावी. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश धरतात, आणि मे महिन्यात जळगाव दुपारी ४२ च्या पुढे. म्हणजे थंड जागी जी धावपट्टी पुरते, ती इथे सव्वापट तरी लांब हवी. नसेल तर वजन कमी करा, माणसं किंवा इंधन उतरवा. आखूड धावपट्टीवरून उडणारी पंख्याची विमानं इथे टिकली ती उगाच नाही.

आता तंत्रज्ञानाकडे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळुरू, वाराणसीत डिजियात्रा सुरू झाली. चेहरा दाखवा आणि आत जा. मोठ्या विमानतळांवर ते बरंच आहे, पण जळगावात दारातली रांग ही अडचण कधीच नव्हती. उडत्या टॅक्सीचंही तसंच. चार प्रवाशांची ही विजेवरची यंत्रं एका चार्जिंगवर दीडशे किलोमीटरच्या आसपास जातात. मुंबई हवाई मार्गानेही साडेतीनशेच्या घरात.

खान्देशाच्या खऱ्या कामाची गोष्ट कमी गाजलेली आहे: गगन. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभी केलेली ही यंत्रणा जीपीएसच्या संदेशातल्या चुका जमिनीवरच्या केंद्रांत मोजते आणि दुरुस्ती उपग्रहामार्फत विमानाला पाठवते. हे संदेश वातावरणाच्या ज्या विद्युतभारित थरातून येतात तो भारतावरच्या आकाशात फार अस्थिर, त्यामुळे हे काम इथे अमेरिका-युरोपपेक्षा अवघड होतं. धुक्यात किंवा पावसात विमान उतरवायला एरवी धावपट्टीजवळ महागडी रेडिओ यंत्रणा बसवावी लागते, आणि ती दर विमानतळाला वेगळी. गगनमुळे तिच्याशिवाय वैमानिक साधारण २५० फुटांपर्यंत खाली येऊन मग धावपट्टी दिसते का ते पाहू शकतो. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानातल्या किशनगढला इंडिगोचं एटीआर असं उतरलं. निवडलेला विमानतळही लहानच होता. पावसाळ्यात रद्द होणारी उड्डाणं कमी करायची असतील, तर जळगाव-धुळ्यासारख्या ठिकाणी पैसा इथे लागायला हवा.

दुसरी गोष्ट विमानांची ये-जा नियंत्रित करणाऱ्या मनोऱ्याची. स्वीडनमध्ये २०१५ पासून ओर्नशोल्डस्विक या विमानतळाची वाहतूक दूरच्या सुंड्सवालहून कॅमेऱ्यांवर पाहून नियंत्रित होते. दिवसाला दोन-चार विमानं येणाऱ्या जागी पूर्ण मनोरा आणि माणसं ठेवण्यापेक्षा एका केंद्रातून तीन-चार विमानतळ सांभाळणं परवडतं. वायुदूतला बुडवणारं जे गणित, त्याच्या खर्चाच्या बाजूला हे हात घालतं.

आणि एक गंमत. प्रवासी विमान कधी सुरू, कधी बंद होत असताना खान्देशाच्या आकाशात रोज उडत होती ती शिकाऊ विमानं. धुळे, शिरपूर, आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या पाच ठिकाणांत जळगाव. निवडीचा निकष काय? हवामान स्वच्छ आणि आकाशात गर्दी नाही. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उडावं लागतं, आणि ते मुंबईच्या गर्दीत होत नाही. जोखीमही आहेच. जुलै २०२१ मध्ये चोपडा तालुक्यात वर्डीजवळ प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा जीव गेला, शिकाऊ वैमानिक जखमी झाली.

विजेवर उडणारं जगातलं पहिलं प्रमाणित विमान, पिपिस्ट्रेलचं वेलिस इलेक्ट्रो, हेही प्रशिक्षणाचंच. दोन आसनं, जून २०२० मध्ये युरोपची मान्यता, आणि एका दमात जेमतेम पाऊण-एक तास. प्रवासी नेण्यासाठी ते निरुपयोगी, पण धावपट्टीभोवती घिरट्या घालत उतरणं-उडणं शिकवायला पुरेसं. इंजिनावर चालणारी विमानं त्या कामात इंधन जाळत दिवसभर घोंगावतात. मे महिन्यातल्या उन्हात बॅटरी कशी वागते, एवढा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागेल. राहिली ती मुंबईत उतरायच्या वेळेची मेख. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. तिथे सकाळी उतरायची आणि संध्याकाळी निघायची एकेक वेळ जळगावच्या एटीआरला मिळवणं, हे काम मात्र तंत्रज्ञानाचं नाही, खासदार-आमदारांचं आहे.