टेन्शन आलंय? मेसेज नको, आईला फोन लावा

शिकायला नाहीतर नोकरीला लांब गेलेली मुलं घरच्यांशी दिवसभर कॉन्टॅक्टमध्ये असतात, जेवलास का, हो, एक अंगठा, झालं. बोलणं चालू आहे असं दोघांनाही वाटतं. पण शरीराला तसं वाटतं का, हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर, सेथ पोलक वगैरे मंडळींनी चक्क मोजून बघितलं, आणि हा प्रयोग घराघरात माहीत असायला हवा असं मला मनापासून वाटतं.

त्यांनी सात ते बारा वर्षांच्या मुलींना अनोळखी लोकांसमोर भाषण करायला लावलं, वर तोंडी गणितं! मग काहींना आई प्रत्यक्ष भेटली, काहींना फोनवर, काहींनी आईशी कॉम्प्युटरवर चॅट केलं, आणि काही एकट्याच बसल्या. नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल (ताण आला की हे वाढतं) आणि लघवीतलं ऑक्सिटोसिन तपासलं, ज्याचा संबंध माया आणि जवळिकीशी आहे. फोनवर नुसता आईचा आवाज ऐकलेल्या मुलींचा ताण उतरला, ऑक्सिटोसिनही वाढलं, अगदी भेटलेल्या मुलींसारखं. चॅटवाल्यांचं मात्र ऑक्सिटोसिन वाढलंच नाही आणि कॉर्टिसॉल एकट्या बसलेल्या मुलींइतकंच राहिलं, समोर स्क्रीनवर आईने धीर दिलेला असूनसुद्धा. हे 2012 मध्ये छापून आलं. मुली थोड्याच होत्या आणि लहान होत्या, त्यामुळे सगळ्या वयांना हे जसंच्या तसं लावू नये, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही.

दुसरी भानगड सुराची. 2005 च्या एका अभ्यासात ईमेलमधला टोमणा समोरच्याला कळेल असं लिहिणाऱ्यांना 78 टक्के वेळा वाटत होतं, प्रत्यक्षात कळला 56 टक्के, म्हणजे जवळपास छापा-काटाच. तेच वाक्य बोलून दाखवलं की 73 टक्के. लिहिताना आपला सूर आपल्या डोक्यात वाजत असतो ना, वाचणाऱ्याकडे फक्त अक्षरं जातात, आणि मग फॅमिली ग्रुपवर रुसवेफुगवे.

मग आपण फोन का करत नाही? ऑकवर्ड होईल म्हणून. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2021 मध्ये लोकांना जुन्या मित्रांशी संपर्क करायला लावला, बहुतेकांना ईमेलच बरा वाटत होता. ज्यांच्या वाट्याला फोन आला त्यांना जास्त जवळीक वाटली, आणि ऑकवर्डपणा काही जास्त नव्हता. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात अनोळखी लोक एकमेकांशी बोलले तेव्हा व्हिडिओमुळे नुसत्या आवाजापेक्षा जास्त जवळीक आली नाही. तेव्हा गावाकडे रेंज नाही, व्हिडिओ अडकतो म्हणून आजीचा कॉल रविवारवर ढकलू नका, साधा फोन लावा.