बकी: एक्स-रेच्या जाळीची आणि तिच्या सावलीची गोष्ट

एक्स-रे विभागात ‘बकी’ म्हटलं की टेबलाखालचा, फिल्मची कॅसेट ठेवायचा ट्रे डोळ्यांसमोर येतो. मुळात ते माणसाचं आडनाव. जर्मन रेडिऑलॉजिस्ट गुस्टाव्ह बकी यांनी 1913 मध्ये रुग्ण आणि फोटोप्लेट यांच्यामध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी बसवली. (हेच बकी पुढे अमेरिकेत गेले आणि 1936 मध्ये त्यांना आइन्स्टाइनबरोबर कॅमेऱ्याचं पेटंट मिळालं.)

अडचण विखुरलेल्या किरणांची होती. जाड अंगातून जाताना बरेच किरण वाट सोडून तिरपे बाहेर पडतात. पोटाच्या एक्स-रेत तर फिल्मपर्यंत पोचणाऱ्यांत त्यांचा वाटा 80 टक्क्यांवरही जातो. मग सगळीकडे सारखा करडेपणा चढतो आणि मणक्याची कड त्यात बुडते. बकींची जाळी सरळ किरणांना वाट देई, तिरप्यांना अडवी. पण पट्ट्या जाड, उभ्या-आडव्या, सुमारे 2 सेंमी अंतरावर. धुकं विरलं, पण चित्रावर चौकटी उमटल्या.

शिकागोच्या हॉलिस पॉटर यांनी 1920 च्या सुमारास पट्ट्या एकाच दिशेने ठेवल्या आणि एक्स्पोजर चालू असताना जाळी आडवी सरकवली. सावली फासली गेली, म्हणून दिसेनाशी झाली. मात्र जाळी हलायच्या आधीच एक्स्पोजर सुरू झालं की रेघा परत हजर. किरण विजेबरोबर ठोक्या-ठोक्यांनी सुटत असतील आणि जाळीचा वेग त्या ठोक्यांशी नेमका जुळला, तरी तेच: प्रत्येक ठोक्याला पट्ट्या आधीच्या पट्ट्यांच्याच जागी सापडतात.

दुसरी वाट पट्ट्या बारीक करण्याची. 10:1 ची (म्हणजे पट्टीची उंची फटीच्या दहापट), सेंटिमीटरला 40 रेघांची जाळी घ्या. पट्टी 0.05 मिमी, मधली फट 0.2 मिमी, उंची 2 मिमी. फटीत ॲल्युमिनियम किंवा कार्बन फायबर. अशी जाळी काही सरळ किरणही खातेच, त्यामुळे एमएएस (ट्यूबमधला विद्युतप्रवाह गुणिले वेळ, म्हणजेच किरणांचं प्रमाण) तीन-चार पटींनी वाढवावं लागतं आणि तो डोस रुग्णाच्या अंगावर जातो. म्हणूनच हाताच्या पंजाला जाळी लावू नये. अंग 10 सेंमीपेक्षा जाड असेल तरच ती खर्च भरून काढते.

फोकस्ड जाळीच्या पट्ट्या कडेकडे एक्स-रे ट्यूबच्या रोखाने कललेल्या असतात. ती उलटी बसली तर मधला पट्टा तेवढा नीट येतो, दोन्ही बाजू पांढऱ्या पडतात. ट्यूब 100 सेंमीवर धरून बनवलेली जाळी 180 सेंमीवरून वापरली तरी कडा जातात. ट्यूब मध्यापासून सरकलेली असेल तर अख्खं चित्र फिकं पडतं. ही चूक सगळ्यात फसवी, कारण एक्स्पोजर कमी पडलं असं वाटून लोक एमएएस वाढवत बसतात.

सीआर (फिल्मऐवजी लेझरने वाचली जाणारी प्लेट) आल्यावर सावली नव्या रूपात परतली. स्थिर जाळीच्या रेघा लेझरच्या वाचन-ओळींना समांतर आल्या की चित्रावर लाटांसारखे पट्टे उमटतात. स्क्रीनवर झूम बदलला की कधी कधी हे पट्टेही बदलतात. उपाय दोन: जाळी काटकोनात वळवून बसवा, नाहीतर सेंटिमीटरला 70 च्या आसपास रेघा असलेली घ्या.