आधी तार, मग झाकण

मे महिन्याच्या दुपारी लातुरात प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला, की बोटाला स्थिर विजेचा चटका बसतो. आपण हात झटकून विसरून जातो. विमानात इंधन भरताना उघड्या टाकीशी मात्र हा चटका परवडत नाही.

साधारण तीन हजार व्होल्टच्या आतला झटका माणसाला बहुधा कळतच नाही. तेवढ्या व्होल्टला अंगावर साठलेली ऊर्जा अर्ध्या मिलिज्यूलच्या थोडी वर जाते. हवेत योग्य प्रमाणात मिसळलेली पेट्रोलची वाफ पेटायला पाव मिलिज्यूलही पुरतो. म्हणजे न जाणवलेली ठिणगीसुद्धा पुरेशी घातक असू शकते.

२०१९ साली कृत्रिम पावसासाठी चिकलठाण्याहून उडालेल्या किंग एअर विमानात रॉकेलच्या जातीचं जेट ए-१ इंधन लागतं. त्याची वाफ पेटण्याजोगी व्हायला किमान ३८ अंश तापमान हवं, म्हणून ते सुरक्षित मानतात. पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा दिलासा उरत नाही. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांतलं निळसर अॅव्हगॅस तर पेट्रोलच. ते थंडीतही वाफाळतं. टाकीच्या आत त्याची वाफ इतकी दाट असते की पेटायला हवाच कमी पडते. धोका असतो तो तोंडाशी, जिथे वाफ हवेत मिसळते.

हा विजेचा भार येतो कुठून? इंधन नळीतून, आणि त्याहून कितीतरी जास्त फिल्टरमधून, घासत जाताना. इंधन विजेचं वाईट वाहक, त्यामुळे तो भार टाकीत पोचल्यावरही लगेच ओसरत नाही. कोरड्या हवेत कपड्यांवरचा आणि प्लास्टिकवरचा भारही रेंगाळतो. दमट हवेत पृष्ठभागावर ओलाव्याचा पातळ थर बसतो, त्यावरून तो निघून जातो. इंधनाच्या आतल्या भाराला मात्र पावसाळ्याचं काही सोयरसुतक नसतं.

म्हणून टँकर आणि विमान आधी तारेने जोडायचे, म्हणजे दोघांच्या व्होल्टमध्ये फरकच उरत नाही आणि ठिणगीला कारण राहत नाही. तारेचा चिमटा रंगावर लावला तर व्यर्थ. उघडा धातूच हवा. (घाईत नेमकी इथेच चूक होते.) मग झाकण उघडायचं, आणि नोझल टाकीच्या काठाला टेकवून शेवटपर्यंत टेकलेलंच ठेवायचं. इंधन भरून झालं की झाकण बंद, आणि तार सर्वांत शेवटी काढायची. प्लास्टिकचं नरसाळं इथे नकोच.

फवारणी पंपासाठी पेट्रोल नेणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच लागू पडतं. टेम्पोच्या हौद्यात प्लास्टिकच्या अंथरणावर ठेवलेला पत्र्याचा डबा जमिनीपासून तुटलेला असतो. भरताना त्यावर साचलेल्या भाराला वाट मिळत नाही. डबा खाली जमिनीवर उतरवावा, आणि नोझल त्याच्या तोंडाला टेकवूनच भरावा.