अन्नभाववाढ व भूक : व्यक्तिगत उपाय

अन्नधान्याचे भाव चढले असता सामान्य माणसाला स्वतःच्या घरखर्चासाठी व इतरांची उपासमार कमी व्हावी म्हणून करता येण्याजोग्या गोष्टी. खरेदीतील संयम, साठवण, नासाडी टाळणे आणि रोख मदत हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. उत्पन्न जितके कमी तितका त्यातील अन्नखर्चाचा वाटा मोठा, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्ये दाखवले. म्हणूनच एकाच भाववाढीची झळ गरिबांना कितीतरी अधिक बसते. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये सुमारे ६७.३ कोटी लोक भुकेले होते. अंदाजाची कक्षा ६३.८ ते ७२ कोटी अशी रुंद आहे.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार, अन्न उपलब्ध असूनही ते मिळवण्याची ऐपत वा हक्क नसल्याने दुष्काळात माणसे मरू शकतात. ही भूमिका आज बहुतांशी मान्य आहे. तिच्यावर टीका झाली ती मुख्यतः काही दुष्काळांतील पुरवठ्याची घट तिने कमी लेखली म्हणून. व्यक्तिगत उपायांच्या दृष्टीने तिचा अर्थ महत्त्वाचा आहे : एका घरी वाचलेला घास आपोआप भुकेल्याच्या ताटात जात नाही, वाचलेला पैसा मात्र पोचवता येतो.

२००७-०८ मध्ये जगभर झालेल्या अन्नधान्याच्या भाववाढीच्या कारणांबाबत एकमत नाही. जागतिक बँकेतील डोनाल्ड मिचेल यांनी २००२ ते २००८ या काळातील वाढीचा ७० ते ७५ टक्के भाग जैवइंधने (पिकांपासून बनवलेली इंधने) व त्यांच्या अनुषंगाने झालेले बदल, म्हणजे घटलेले साठे, पिकांखालील जमिनीचे फेरबदल, सट्टा व निर्यातबंदी, यांकडे लावला. इतर अभ्यासकांना हा आकडा फार मोठा वाटतो. अर्थशास्त्रज्ञ विल मार्टिन व किम अँडरसन यांच्या मते २००६-०८ मधील तांदळाच्या भाववाढीचा सुमारे ४५ टक्के आणि गव्हाच्या वाढीचा सुमारे ३० टक्के भाग देशोदेशींच्या व्यापारनिर्बंधांमुळे होता. तांदळापुरते हे स्पष्टीकरण अधिक पटते, कारण २००७-०८ मध्ये तांदळाचे जागतिक पीक बुडालेले नव्हते. तरीही थाई तांदळाचा भाव टनामागे १,००० डॉलरच्या वर गेला. अर्थशास्त्रज्ञ पीटर टिमर यांनी याची सांगड धास्तीने केलेल्या साठेबाजीशी घातली असून तीत सरकारे व व्यापारी यांच्याबरोबर सामान्य कुटुंबेही धरली आहेत. दहा कोटी कुटुंबांनी २० किलो तांदूळ जादा घेतला, तर मागणी २० लाख टनांनी वाढते. त्या काळी तांदळाचा जागतिक व्यापार वर्षाला सुमारे ३ कोटी टन, म्हणजे महिन्याला २५ लाख टन होता. तेव्हा भाव चढत असताना नेहमीइतकेच घेणे हा कोणालाही जमणारा उपाय आहे, आणि तो क्षुल्लक मुळीच नाही. वर्षाचे धान्य भरायचे ते सुगीनंतर, भाव उतरलेले असताना.

साठवण बिघडते ती बहुधा ओलाव्यामुळे. तृणधान्यात १२ ते १३ टक्क्यांहून अधिक ओलावा नसावा. घरगुती कसोटी अशी : कोरड्या काचेच्या बाटलीत एक-तृतीयांश धान्य व दोन-तीन चमचे कोरडे मीठ घालून मिनिटभर हलवावे, पंधरा मिनिटे ठेवावे. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. न चिकटले तरी धान्य आणखी एक-दोन उन्हे खाऊ देऊन, गार झाल्यावरच भरावे. गरम भरल्यास झाकणाखाली पाणी सुटते. हवाबंद डबा काठोकाठ भरावा. आतील कीड उरलासुरला प्राणवायू संपवून स्वतःच गुदमरते. डबा रोज उघडल्यास ती तगते. म्हणून रोजच्या वापराचा डबा वेगळा ठेवावा. ओले धान्य हवाबंद केल्यास आंबते वा बुरसते. बुरशीतील अफ्लाटॉक्सिन हे विष साध्या शिजवण्याने नष्ट होत नाही, त्यामुळे बुरसलेले धान्य धुऊन खाणे किंवा दान करणे दोन्ही धोक्याचे.

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमानुसार २०२२ मध्ये किरकोळ विक्री, उपाहारगृहे व घरे यांतून १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून. ‘जगातील एक-तृतीयांश अन्न वाया जाते’ हा वारंवार उद्धृत होणारा आकडा २०११ चा असून त्यात शेतापासूनचे नुकसानही मोजलेले आहे. दोन्हींची तुलना करू नये. घरी आठवडाभर टाकलेले अन्न कारणांनुसार वजन करून नोंदल्यास जादा रांधणे, विसरणे की चुकीची साठवण, हे कळते. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत उथळ भांड्यांत, ५ अंश सेल्सिअसखाली ठेवावे. भातातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि त्यांच्यापासून तयार झालेले विष पुन्हा गरम केल्याने जात नाही.

दूरच्या संकटात वस्तूंपेक्षा रोख मदत बरी. देणगीदार देशातच खरेदीचे बंधन घातलेली अन्नमदत स्थानिक खरेदीपेक्षा सरासरी सुमारे ५० टक्के महाग पडते, असा आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आहे. बाजारात माल असेल तिथे रोखीने कुटुंबाला हवे ते घेता येते. बाजारच कोलमडला असेल, तर मात्र धान्यच द्यावे लागते. ठरावीक मासिक देणगी संस्थांना अधिक उपयोगी, कारण खरेदी आधी ठरवता येते. जवळच्या अन्नपेढीला (फूड बँकेला) देताना तिची गरज विचारून द्यावे. मुदत संपत आलेला माल तिच्यावर वर्गीकरणाचा भार टाकतो.

मांसाहार घटवण्याचाही उपाय सुचवला जातो. जगातील सुमारे एक-तृतीयांश तृणधान्य पशुखाद्यात जाते हे खरे; पण एका घराने मांस कमी केल्याने वाचलेले धान्य भुकेल्यांपर्यंत पोचेल, असे म्हणता येत नाही.