यकृतातील कर्करोगासाठी एकत्रित उपचार: ट्रायलमध्ये नाव कसे नोंदवावे?

मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला की तिथल्या गाठी बहुतेक रक्त यकृताच्या धमनीतून घेतात. निरोगी यकृताला मात्र सुमारे 75 टक्के रक्त पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेतून) मिळते. या फरकामुळेच धमनीत नळी घालून किंवा पंप बसवून केमो थेट गाठींपर्यंत नेता येते. तिच्या जोडीला टार्गेटेड औषध (कर्करोगाच्या पेशींना वाढवणाऱ्या ठरावीक घटकांवर नेम धरणारे औषध) देण्याचा एकत्रित उपचार बऱ्याचदा क्लिनिकल ट्रायलमधूनच, म्हणजे रुग्णांवर उपचार तपासून पाहणाऱ्या अभ्यासातूनच मिळतो. नाव सहसा उपचार करणारे डॉक्टर कळवतात, पण रुग्णाने स्वतः चौकशी करायला हरकत नाही.

पात्रतेत पहिला प्रश्न असतो: आजार मुख्यतः यकृतापुरताच आहे का? मग रक्तातील बिलिरुबिन (यकृताचे काम), प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम) आणि पोर्टल शिरेत गुठळी आहे का, हे पाहतात. रुग्ण स्वतःची कामे स्वतः करू शकतो का, यालाही वजन असते. गाठीची जनुक तपासणी तर निर्णायक. रास (RAS) या पेशींची वाढ चालवणाऱ्या जनुकात बदल असेल तर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुमुमॅब ही टार्गेटेड औषधे सहसा उपयोगी पडत नाहीत, त्यामुळे ती औषधे देणाऱ्या ट्रायलचे दार बहुतेक वेळा बंद होते. बेव्हॅसिझुमॅब या दुसऱ्या टार्गेटेड औषधाला ही अट नाही. पण ते जखम भरू देत नाही, म्हणून ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान 28 दिवस थांबवतात. पंपातून फ्लॉक्सुरिडिन हे केमोचे औषध चालू असताना बेव्हॅसिझुमॅब दिल्यास पित्तनलिकांना इजा होण्याचा धोका वाढतो, याबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारा.

कागदपत्रांत ओळखपत्र, बायोप्सी आणि जनुक तपासणीचा रिपोर्ट, ताजे रक्ताचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड लागते. सीटी किंवा एमआरआयचा नुसता छापील रिपोर्ट चालत नाही, सीडी हवीच. धमनीच्या फांद्या त्यातच दिसतात. बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) लॅबमध्ये असतो आणि तो मिळायला वेळ लागतो, तेव्हा आधी त्याचाच अर्ज करा. माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे आधीच्या केमोचा तारीखवार तक्ता. शेवटच्या डोसनंतर किती दिवस गेले, यावर प्रवेश अडतो.

संमतीपत्रावर सही झाल्याशिवाय ट्रायलसाठीची कोणतीही खास तपासणी करता येत नाही. ते घरी नेऊन वाचा. कोणता खर्च ट्रायल उचलते आणि कोणता तुमच्यावर पडतो, तेही विचारा. सही केल्यावरही केव्हाही बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. पंप आधीच बसवला असेल, तर त्याची पुढची निगा कोण घेणार, हे मात्र सही करण्यापूर्वीच ठरवून घ्या.