हिमालयीन तपकिरी अस्वल

हिमालयीन तपकिरी अस्वल ही तपकिरी अस्वलाची एक दुर्मिळ उपजात असून ती हिमालयात वृक्षरेषेच्या वरच्या कुरणांत राहते. नाशिकच्या जुन्या पिढीला ठाऊक असलेले, दरवेश्यामागून दारोदार येणारे काळे, झुपकेदार केसांचे अस्वल निराळ्या जातीचे. तपकिरी अस्वल वाळूच्या किंवा तांबूस रंगाचे असते आणि त्याच्या खांद्यावर स्नायूंचा ठळक उंचवटा दिसतो. बागलाणातील साल्हेर १,५६७ मीटर उंच आहे; हे अस्वल बहुतेक त्याच्या दुप्पट उंचीवर वावरते. भारतात ते जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल प्रदेश आणि उत्तराखंडात आढळते.

गवत, कंदमुळे, किडे आणि मार्मोट (बिळात राहणारा, खारीच्या कुळातला प्राणी) हे त्याचे खाणे. लांब नखांनी जमीन उकरून ते मुळे काढते, तेव्हा कुरणात नांगरल्यासारखे मातीचे पट्टे उघडे पडतात. बर्फाचे पाच-सहा महिने ते गुहेत किंवा बिळात निद्रिस्त राहते आणि मादी तिथेच पिल्ले देते. त्याच्या संवर्धनातील खरी अडचण प्रजननाच्या संथ गतीत आहे. पाकिस्तानातील देवसाई पठारावरील अभ्यासानुसार मादीला पहिले पिल्लू होते तेच साधारण आठव्या वर्षी, आणि दोन विणींत पाच वर्षांहून अधिक अंतर पडते. म्हणून एक मादी मारली गेली तरी ती उणीव भरून निघायला कैक वर्षे लागतात. तरीही देवसाईला १९९३ साली राष्ट्रीय उद्यानाचे संरक्षण मिळाल्यावर तिथली संख्या १९ वरून २००६ पर्यंत ४३ झाली, ही मोठ्या दिलाशाची गोष्ट आहे.

हिमालयातील हा गट अतिसंकटग्रस्त मानला जातो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीने त्याची शिकार निषिद्ध आहे. पित्ताशयासाठी होणारी चोरटी शिकार आणि मेंढ्या मारल्यामुळे मेंढपाळांकडून घेतला जाणारा सूड हे जुने धोके आहेत. सिन्नरकडे धनगर रात्री मेंढ्यांभोवती वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावतात. उंच कुरणांतल्या गद्दी आणि बकरवाल या हिमालयीन मेंढपाळ जमातींचा कळप मात्र पुष्कळदा उघड्यावरच बसतो, आणि दोन-चार मेंढ्या गेल्या तरी त्या घराचे मोठे नुकसान होते, हे विसरता येत नाही.

नवा धोका कचऱ्याचा आहे. अमरनाथला निघालेले नाशिकचे यात्रेकरू बालतालच्या वाटेवर ज्या सोनमर्गातून जातात, त्या परिसरात अस्वलांच्या विष्ठेत प्लास्टिक आणि खाऊची वेष्टने सापडली आहेत. पिल्ले काही वर्षे आईमागे फिरतात आणि अन्न कुठे मिळते हे तिच्याकडूनच शिकतात, त्यामुळे तिला सापडलेली उकिरड्याची वाट पिल्लांनाही पाठ होते.